करंट म्हणून आणलं, निघालं करवंद

वाचकाचं पत्र

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मोबाइलवरून 'करंट'ची 14 रोपं मागवली. जाहिरातीत काळ्या फळांच्या घोसाचा फोटो होता. उसाच्या बांधावर तीन-तीन फुटांवर लावली. बांधाच्या दक्षिणेला आमचाच आडसाली ऊस (गेल्या वर्षी जुलैतली लावण), उत्तरेला गाडीवाट. जमीन काळी. पानं चकचकीत आहेत, काटे जोडीनं येतात, फांदी मोडली की दुधासारखा चीक गळतो. उसाच्या ठिबकची एक नळी बांधाला लागूनच गेली आहे. शिवाय दर महिन्याला झाडाला मूठभर युरिया घालते. दिवाळीला आणि संक्रांतीला कात्रीनं कुंपण सारखं करून घेतो. झाडं छातीएवढी झाली, पण फळ एक नाही. गेल्या फेब्रुवारीत कडेच्या दोन झाडांना पांढरी, वासाची फुलं आली, तीही गळाली. घरचे म्हणतात, "नुसती माजल्यात, उपटून टाक." अजून वाट बघू, का दुसरीकडून चांगली करंटची रोपं आणू?

एक वाचक, वडणगे, ता. करवीर

उत्तर

ताई, आधी झाडाचं नाव दुरुस्त करू, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. पांढरा चीक, जाड चकचकीत पानं, जोडीनं येणारे काटे आणि फेब्रुवारीत पांढरी सुवासिक फुलं, हे वर्णन करंटचं नाही, करवंदाचं आहे. खात्री करायची असेल तर एक फांदी हातात घेऊन बघा. करवंदाची पानं समोरासमोर, अखंड कडेची आणि लंबगोल असतात. करंटचं पान कापसाच्या पानासारखं तीन ते पाच फाट्यांचं असतं, त्याला चीक नसतो, आणि काळ्या-तांबड्या करंटच्या फांदीला काटाही नसतो. करवंदाला इंग्रजीत 'बेंगाल करंट' असंही एक नाव आहे. त्यामुळं विकणाऱ्यानं नाव अगदीच खोटं दिलं असं म्हणता येणार नाही. फोटो मात्र दुसऱ्या झाडाचा लावला.

आणि हे बरंच झालं. खरं करंट आलं असतं तर त्याला वडणग्यात कधीच फळ धरलं नसतं. ते थंड मुलखातलं, हिवाळ्यात पानं गाळून झोपणारं झुडूप आहे. आपल्या देशात ते काश्मीर, लडाख, हिमाचलच्या उंच भागात जगतं. झोपेतून नीट उठून कळी धरायला त्याला जातीप्रमाणं साधारण 800 ते 1500 तास 7 अंशांखालचा गारठा लागतो. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीतली पहाटसुद्धा सरासरी 14-15 अंशांची असते, म्हणजे अख्ख्या हिवाळ्यात ते तास जवळपास शून्यच. तेव्हा 'महाराष्ट्रात येणारी करंटची खास जात' अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवा. किराणा दुकानात 'काळे करंट' म्हणून जे सुकं मिळतं, ते तर बारीक काळ्या द्राक्षाचे मनुके असतात. त्यासाठी झुडूप लावायची गरज नाही, तासगावची वाट धरली तरी चालेल.

आता करवंदाबद्दल. रोपं बियांपासून केलेली असतील (मोबाइलवर विकली जाणारी बहुतेक तशीच असतात), तर लावल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिलं फळ दिसतं. तुमच्या झाडांना सव्वादोन वर्षं झाली आहेत. येणारा फेब्रुवारी हा त्यांचा तिसरा हंगाम. म्हणजे उशीर झालेला नाही. पण पत्रात लिहिलंय तसंच चालू ठेवलं, तर पाचव्या-सहाव्या वर्षीही काटे आणि पानंच मिळतील. घरचे 'माजल्यात' म्हणतात ते अगदी बरोबर आहे, फक्त उपाय उपटण्याचा नाही.

करवंद राहतं कुठं, ते डोळ्यांपुढं आणा. जोतिबाचा डोंगर, पन्हाळ्याच्या उतरणी, पुढं गगनबावडा. जांभ्याच्या कातळात वीतभर माती, तीही उताराची. गगनबावड्याला पाऊस कोल्हापूर शहराच्या कितीतरी पट पडतो, पण झुडपाच्या बुडाशी पाणी तासभरही थांबत नाही. आणि दिवाळीनंतर? वरून थेंब नाही, खाली ओल नाही, सभोवती गवत पिवळं पडलेलं. अशा तीन महिन्यांच्या तडाख्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीत ते कळ्या काढतं आणि एप्रिल-मे महिन्यांत 'डोंगरची काळी मैना' पाट्यांतून कोल्हापुरात उतरते. तुमच्या बांधावर याच तीन महिन्यांत झाडाला पाणी, युरिया आणि कात्री असं तिन्ही मिळतंय.

तिन्हींत कात्रीचा घाव सगळ्यात मोठा, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. करवंदाची फुलं फांदीच्या शेंड्याला झुपक्यानं येतात. पावसाळ्यात फुटलेली फांदी थंडीत पक्की होते आणि तिच्याच टोकाला कळी धरते. दिवाळीला तुम्ही नेमकी ती टोकं उडवता. ओल आणि युरिया हाताशी असल्यानं झाड लगेच कोवळी फूट काढतं, ती पक्की व्हायच्या आत संक्रांतीची कात्री येते. वर्षातून दोनदा चौकोनी कापलेल्या कुंपणाला करवंद धरणं जवळपास अशक्य. गेल्या फेब्रुवारीत फुलली ती कडेची दोन झाडं बहुधा कात्रीतून निसटली असतील, किंवा बांधाच्या टोकाला असल्यानं त्यांच्यापर्यंत नळी पोचत नसेल. जाऊन बघा, दोन्हींपैकी एक निघेलच.

छाटणी वर्षातून एकदाच, फळं संपल्यावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. यंदा फळच नव्हतं, तेव्हा ती वेळ हुकली. आता मे संपेपर्यंत कात्री खुंटीला टांगा. गाडीवाटेवर एखादी फांदी डोळ्यात जाण्याइतकी पुढं आली असेल, तर तेवढी बुडातून काढा, पण शेंडे मारत बसू नका. जूनमध्ये काय कापायचं? जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतचे सगळे बारीक फुटवे काढा आणि प्रत्येक झाडाला तीन-चार जाड खोडंच ठेवा. वाळलेल्या, एकमेकांवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढून मधोमध उजेड पाडा. छडीसारख्या सरळ लांब गेलेल्या फांद्यांचा वरचा एक तृतीयांश भाग कापा. तिथून दोन-तीन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा म्हणजे पुढच्या फेब्रुवारीतलं एक टोक. कुंपण म्हणून आकार हवाच असेल, तर एका वर्षी फक्त गाडीवाटेची बाजू कापा, पुढच्या वर्षी उसाची. न कापलेली बाजू फळ देत राहते. ऑगस्टच्या मध्यानंतर काहीही कापायचं नाही.

कापताना जाड चामडी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा लागतोच. चीक पात्याला चिकटून कात्री जाम होते, दर चार-पाच झाडांनंतर रॉकेल किंवा खोबरेल तेलाच्या फडक्यानं पुसून घ्या. कापलेले काटे वाटेवर राहू देऊ नका. वाळलेला काटा चपलेतून सरळ आत जातो आणि सायकलच्या ट्यूबचं तर विचारूच नका.

आता पाणी. ही गोष्ट बोलायला सोपी आहे आणि उसाच्या बांधावर करायला अवघड. 'झाडाला पाणी देत नाही' असं आपण म्हणतो, पण करवंदाची मुळं घेराच्या बरीच बाहेर जातात आणि सरीतली ओल बसल्या जागी पितात. तुमच्याकडं तर नळीच बांधाला लागून आहे. युरियाचंही तेच. आडसाली उसाला शिफारशीतच हेक्टरी 400 किलो नत्र आहे, त्यातलं जे पाझरतं तेच करवंदाला पुरून उरतं. वरून तुमची मूठ. नत्र आणि ओल एकत्र मिळाली की झाड फांद्या वाढवतं. कळी धरायला त्याला कारणच उरत नाही.

तेव्हा मूठ आजपासून बंद. बांधालगतची लॅटरल (ठिबकची नळी) टोकाशी दुमडून बांधा किंवा तिला कॉक बसवा. मग ऑक्टोबरच्या अखेरीला, परतीचा पाऊस संपल्यावर, ऊस आणि करवंद यांच्या मधे एक चर मारा. खोडापासून अडीच फूट अंतरावर, दीड फूट खोल, एक फूट रुंद. या चराचे दोन फायदे. सरीकडून झिरपणारं पाणी त्यात अडकतं, आणि त्या बाजूला गेलेली मुळं तुटतात. मुळं तुटली की झाडाची पालेवाढ थांबते. पण चर एकाच बाजूला घ्यायचा. दोन्हीकडून मुळं तोडलीत तर अडीच वर्षांचं झाड कोलमडेल. चर उघडाच ठेवा, पुढच्या पावसाळ्यात तोच निचऱ्याला कामी येतो.

ताण, म्हणजे पाणी पूर्ण तोडणं, नोव्हेंबरच्या मध्यापासून बारीक फळ धरेपर्यंत. काळ्या जमिनीत ओल खोलवर टिकते, म्हणून एवढ्या लवकर सुरुवात करायची. ताण बसला हे कसं ओळखायचं? पानांची चकाकी जाते, हिरवा रंग थोडा मंद होतो, शेंड्याची कोवळी तांबूस फूट यायची थांबते आणि फांदीचं टोक बोटांनी वाकवलं तर लवत नाही, कडक लागतं. इथपर्यंत ठीक. पानं खालून पिवळी पडून गळायला लागली किंवा कोवळे शेंडे वाळायला लागले तर ताण जास्त झाला. अशा झाडाला तेवढंच 5-6 लिटर पाणी देऊन पुन्हा थांबा. हलक्या मुरमाड जमिनीत करवंद असलेल्या वाचकांनी हा तुमचा हिशेब उचलू नये. तिथं लहान झाडाला तीन आठवड्यांनी एकदा थोडं पाणी लागतं.

आता एक गोष्ट जी पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात: ऊस दक्षिणेला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलता जातो. कोल्हापुरात डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून साधारण 50 अंशच वर असतो. 10 फूट उभ्या उसाची सावली तेव्हा उत्तरेला 8 फुटांच्या पुढं पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. म्हणजे कळी धरायच्या ऐन दिवसांत तुमचं कुंपण दिवसभर सावलीत आहे. करवंद सावलीत मरत नाही, हिरवंगार दिसतं, पण फुलत नाही. कळी धरायला निदान सहा तास थेट ऊन पाहिजे.

तुमची लावण गेल्या वर्षीच्या जुलैतली, म्हणजे ऊस तोडीला आलाच आहे. तोडणीची टोळी कधी येणार ते तुमच्या हातात नाही, हे माहीत आहे. तरी डिसेंबरच्या आत ऊस गेला तर करवंदाला यंदाच ऊन मिळेल. खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस) राखणार असाल तर बांधालगतच्या दोन सऱ्यांतला खोडवा काढून टाका. साडेचार फुटी सरी असेल तर दोन सऱ्यांचे 9 फूट मोकळे होतात, आणि सावलीचं माप आपण वर काढलंच आहे. त्या पट्ट्यात मेपर्यंत काही पेरू नका आणि पाणी तर मुळीच नको. दोन सऱ्यांचा ऊस सोडायचा म्हटल्यावर घरात बोलणी होतील. नाही जमलं तर एक सरी तरी सोडा आणि फळ निम्मं धरून चाला.

टोळी गेल्यावर पाचट पेटवू नका. तुम्ही नाही पेटवलं तरी शेजारच्या रानातली झळ बांधावर येते. करवंदाचा पाला तेलकट नाही, लगेच पेट घेत नाही, पण झळ लागलेले शेंडे आठ दिवसांत तपकिरी होतात आणि त्या वर्षीची कळी तिथंच संपते. पाचट सरीत कुजवणं उसालाही चांगलं. फक्त ते करवंदाच्या बुडाशी ओढू नका, ताणाच्या दिवसांत ते ओल धरून ठेवतं.

गेल्या फेब्रुवारीतली फुलं का गळाली, याची तीन कारणं संभवतात. पहिलं म्हणजे कोवळ्या झाडाचा पहिला बहर बऱ्याचदा असाच जातो, त्याचं फार मनावर घेऊ नका. दुसरं, फूल उमललेलं असताना ठिबक जोरात सुटलं असेल. ताणावर असलेल्या झाडाला फुलोऱ्यात अचानक भरपूर पाणी मिळालं की ते फुलं टाकून पालवी फोडतं. तिसऱ्या कारणाकडं आमचा कल जास्त आहे, ते म्हणजे तणनाशक. उसात रुंद पानांच्या तणावर 2,4-डी मारतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये 'सुरू' हंगामाच्या (हिवाळ्यातल्या) लावणीत आणि खोडव्यात फवारणी चालू असते, आणि करवंद रुंद पानाचंच झाड. वाऱ्यानं आलेला बारीक तुषारसुद्धा त्याला पुरतो. नवी पानं अरुंद पट्टीसारखी झाली असतील, कडा आत वळल्या असतील, शेंडा सापासारखा पीळ घालत असेल, तर दुसरं काही शोधू नका. अशा फांद्या पुढं सावरतात, पण त्या वर्षीचं फूल राहत नाही. उपाय एकच: बांधालगतच्या चार सऱ्या खुरप्यानं भांगला. बाकी रानात फवारणी वारा पडलेला असताना सकाळी, नोझलला हूड लावून करा. आणि त्या पंपानं करवंदावर कधीही, कसलंच औषध मारू नका. धुतलेल्या पंपातही 2,4-डीचा अंश उरतो. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा.

फुलोऱ्यात कीटकनाशकही नको. करवंदाच्या फुलाची नळी लांब आणि अरुंद असते, आतल्या मधापर्यंत लांब सोंडेचे पतंग आणि फुलपाखरंच पोचतात. वास संध्याकाळी जास्त सुटतो तो त्यांच्यासाठीच. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला, तर जानेवारीच्या आत निंबोळी अर्क 5 टक्के एकदा फवारा आणि विषय संपवा. एरवी करवंदाला रोग-किडीचा त्रास कमीच. दुकानदार 'कळी काढायचं औषध' म्हणून आंब्याला देतात ते पॅक्लोब्युट्राझोल सुचवेल. ते घेऊ नका. त्याचा अंश मातीत बराच काळ राहतो, आणि जे काम ऊन आणि ताण फुकट करतात त्यासाठी पैसे कशाला घालायचे?

फुलं झडून त्यांच्या देठाशी ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं फळ दिसलं की ताण तोडा. एकदम नाही. पहिलं पाणी झाडाला 5 लिटर, आठ दिवसांनी 8 लिटर, मग दर 10-12 दिवसांनी 8-10 लिटर. एवढं पाणी फळ पोसायला भरपूर झालं. आता हरकत नाही, बुडाशी दोन-तीन इंच पाचट अंथरा. एप्रिलच्या मध्यापासून पाणी कमी करा. काळ्या जमिनीत भरपूर पाणी पिऊन तट्ट झालेल्या फळावर वळवाचा पाऊस आला की ते तडकतं आणि दोन दिवसांत कुजतं. लोणच्यासाठी हवी असतील तर कच्ची, हिरवी, बी कडक व्हायच्या आत एप्रिलमध्ये काढा. खायला हवी तर पूर्ण काळी होऊन देठाशी सहज सुटेपर्यंत थांबा. पिकलेलं करवंद दोन-तीन दिवसांवर टिकत नाही, म्हणून एकदम सगळी न काढता दिवसाआड तोडा. बुलबुलांचा वाटा धरूनच चला.

खत वर्षातून एकदा, जूनमध्ये छाटणीनंतर. आपण बोलतोय त्या तिसऱ्या वर्षाच्या झाडाला 10 किलो कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड, 150 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 50 ग्रॅम पोटॅश, घेराच्या कडेला उथळ चरीत, मातीआड. युरिया तुमच्या बांधावर शून्य. ज्यांचं करवंद उसापासून लांब, हलक्या रानात आहे, त्यांनी जूनमध्ये एकदाच 50 ग्रॅम द्यावा.

पावसाळ्यात एक काळजी घ्या. काळ्या जमिनीत बुडाशी पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि याचं लक्षण फसवं असतं: भर ओलीत झाड कोमेजतं. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो. खोडाभोवतीचं आळं पावसाळ्याआधी मोडून टाका आणि तिथं मुरूम मिसळलेल्या मातीची भर घालून खोडाकडून बाहेर उतार करा. खोडाला माती सहा इंचांहून वर चढू देऊ नका. वडणग्यात पंचगंगेचं पाणी शिवारात येतं, तुमचा बांध पुराच्या पट्ट्यात असेल तर पाणी ओसरल्यावर दोन दिवसांत चर मोकळा करून साचलेलं पाणी काढणं हे पहिलं काम.

तीन फुटांचं अंतर कुंपणाला चालतं, फळाला थोडं दाट आहे. मधली झाडं उपटून दुसरीकडं लावायचा मोह होईल, तो टाळा. करवंदाचं मूळ खोल जातं, एवढं मोठं झालेलं झाड हलवलं की सहसा जगत नाही. त्यापेक्षा दोन वर्षं फळ बघा. बियांची रोपं एकसारखी नसतात. एकाचं फळ बोराएवढं, दुसऱ्याचं वाटाण्याएवढं, एक गोड तर एक तोंड वाकडं करणारं. लहानपणी करवंद चावून 'कोंबडा की कोंबडी' बघायचो, आत लाल की पांढरं, तोही याच सरमिसळीचा खेळ. कुठलं झाड कसं ते कळलं, की वाईट निघतील ती चार-पाच काढून चांगल्यांना जागा द्या. तोवर फार अपेक्षा नको. पहिल्या वर्षी झाडामागं ओंजळभर मिळाली तरी चांगलं. पूर्ण वाढलेलं झुडूप चार-पाच किलो देतं.

मोकळ्या जागी नवीन लावायचं झालं तर पुन्हा मोबाइल नको. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात आहे, तिची कलमं मिळतात का बघा. नाहीतर स्वतःच्याच चांगल्या झाडाची जुलैत गुटी बांधा. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढायची, चीक गळून थांबला की फडक्यानं पुसायचा, ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. दोन ते तीन महिन्यांत मुळं दिसतात. गुटीचं झाड आईसारखंच फळ देतं आणि बियांच्या झाडापेक्षा लवकर देतं. बी पेरायचं असेल तर मेमध्ये पिकल्या फळातलं काढून धुऊन लगेच पेरा. डब्यात ठेवून पुढच्या वर्षी पेरलेलं करवंदाचं बी उगवत नाही.

नव्या रोपाला दीड फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा, त्यात दोन भाग वरची माती, एक भाग मुरूम आणि 10 किलो शेणखत. तुमच्या जमिनीत खड्डा जमिनीच्या पातळीला न भरता फूटभर उंच ढीग करून त्यावर रोप लावा. दोन झाडांत 5-6 फूट सोडा. पहिली दोन वर्षं पाणी सढळ द्या, ताण-बिण काही नाही. शेंडा मात्र दीड फुटावर एकदा खुडा, म्हणजे बुडापासून फांद्या फुटतील.

कडेच्या दोन फुललेल्या झाडांना आत्ताच चिंधी बांधून खूण करा. गुटी बांधायच्या आधी, मेमध्येच, त्यांचं फळ चाखून बघा.